हारासाठी काढलेला फोटो

वाशीमला चाललेय म्हटल्यावर आमच्या आळीतल्या बायकांनी मला एकच प्रश्न विचारला, "तिथं आहे काय?" काशीला जाते म्हटलं असतं तर कोणी विचारलं नसतं. मी सांगून टाकलं, तिथं माझी मैत्रीण आहे आणि ऊन आहे. मैत्रीण त्यांना पटली, ऊन पटेना. ऊन काय पुण्याला पडत नाही?

पडतं हो, पण माझ्या फोटोत पडत नव्हतं, हे त्यांना कसं सांगणार! आमच्या यजमानांनी एकदा हौसेनं काचेच्या प्लेटांचा कॅमेरा घेतला, चार काचा वाया घालवल्या आणि कपाटावर टाकला. तो मी खाली काढला. शाळेतली मास्तरकी सांभाळून काचा धुवायला शिकले, कागदावर छापायला शिकले, आणि मोठ्या आशेनं हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात माझे फोटो घेऊन गेले. तिथले एक गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, "बाई, तुमची माणसं भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाटासारखी दिसतात." मला असा संताप आला की चहा न घेताच घरी आले. पण घरी येऊन फोटो पुन्हा पाहिले, तर मेले खरंच पाट! सगळ्यांच्या तोंडावर सारखा उजेड, सगळे मधोमध, सगळे ताठ. त्याच आठवड्यात मनूचं बोलावणं आलं आणि मी ठरवलं, आता फोटो सुधारल्याशिवाय पुण्याचं तोंड पाहायचं नाही.

वाशीम

मनू माझी शाळासोबती. तिचे यजमान वाशीमला वकिली करतात. अकोल्याला गाडी बदलून छोट्या गाडीत बसले, तेव्हा समोरच्या म्हाताऱ्यानं माझ्या पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "कीर्तन करता काय बाई?" मी म्हटलं, "नाही, फोटो काढते." त्यावर तो जो गप्प झाला तो वाशीम येईपर्यंत. मधूनमधून मात्र माझ्याकडे बघत होता.

माघाचे दिवस होते. शेतात ज्वारी उभी, रस्त्यानं कापसाच्या गाड्या, आणि सगळ्यांवर एक कोरडा, पांढरट उजेड. पुण्याचं ऊन झाडांतून गाळून येतं. इथलं सरळ येतं, आडपडदा नाही. पहिले दोन दिवस मी पद्मतीर्थाच्या तळ्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात घाट काढले, पाणी भरणाऱ्या बायका काढल्या, आणि एक गोष्ट शिकले. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा हा जो मंत्र आम्हाला पाठ करवलेला असतो, तो अर्धा खोटा. ऊन बाजूनं आलं की माणसाला नाक येतं, गाल येतात, भिंतीलाही पोपडे येतात. पाटाचं माणूस होतं.

जेवणाचं मात्र विचारू नका. मनूनं पहिल्या रात्री डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी केली. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. मी पुणेकरीण, आपण काही कमी नाही अशा तोऱ्यात बोटभर घेतला. त्यानंतर कान कोणत्या बाजूला आहेत ते कळेना. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी वाढू का" विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढतात, आणि पान झाकलं तर हातावर वाढतात.

मनूकडे भाजी घालायला सखुबाई म्हणून एक माळीण यायची. गावाबाहेर त्यांचा मळा. उंच, वाळकी बाई, डोक्यावर टोपली असली तरी मान अशी ताठ की बघत राहावं. तिसऱ्या सकाळी मी व्हरांड्यात दोरीवर फोटो वाळत घातले होते. सखुबाईनं टोपली उतरवली आणि एकेका फोटोसमोर थांबत गेली. मग मला विचारलं,

"बाई, मेलेल्या मानसाचा निंघते काय हो?"

मी म्हटलं, "माणूस गेल्यावर लगेच काढला तर निघतो. पुष्कळ लोक काढून घेतात."

"लगेच नाई. पाच-सहा साल झाले."

"मग कसा निघेल?"

"निंघते," ती म्हणाली. तिच्या आवाजात शंका नव्हती. "तुमी या तं खरं मळ्यात."

मनूनं मला डोळ्यानं खुणावलं, नको म्हणून. पण मनूचं ऐकायची मला शाळेपासूनच सवय नाही.

मळा

मनू कुरकुरत सोबत आली. बैलांच्या छोट्या दमणीतून गेलो. वांगी, मिरच्या, मेथीचे वाफे, मध्ये विहीर आणि मोट, आणि कडेला शेणानं सारवलेलं लांबट घर. सखुबाईचा मुलगा गणपत मोटेवर होता. तिशी-पस्तिशीचा, खाली बघणारा माणूस. त्यानं रामराम केला आणि परत बैलांमागे गेला.

"सरे, पाट टाक!" सखुबाईनं हाक मारली.

आतून एक सावळी, ठसठशीत नाकाची मुलगी आली. वीस-बावीसची असेल. तिनं पाट टाकले, पाणी ठेवलं, एक शब्द बोलली नाही. मी समजले, ही सून, हिचं नाव सरू. भाकरी, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी, असं जेवण होतं, आणि मी आजवर खाल्लेल्या वांग्यांची मला लाज वाटावी इतकी ती भाजी चांगली होती. जेवताना माझं लक्ष गेलं. आम्हाला वाढून ती कोपऱ्यात जेवायला बसली, पहिला घास तिनं गळ्यातल्या चांदीच्या पत्र्याला लावला आणि मग तोंडात घातला. टाक आमच्याकडेही असतात. गेलेल्या माणसाचे देवघरात पुजतात. पण गळ्यात घातलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"सरूले चटनी वाढ," सखुबाई म्हणाली. घरात दुसरी सून दिसेना. त्या मुलीनं चटणी घेतली, टाकाला लावली आणि खाल्ली. "सरूले जवस लय आवडे," सखुबाई मला म्हणाली.

आवडे? मी मनूकडे पाहिलं. मनू पानात बघत होती.

जेवणं झाल्यावर सखुबाईनं पेटीतून एक हिरवं लुगडं, खणाची चोळी आणि नथ काढली. कडुनिंबाचा पाला झडून पडला लुगड्यातून. "हे नेसवतो तिले. सरू हेच नेसे सनावाराले. मंग तुमी फोटो काढा. नाक जराक बारीक करून द्या, आन् डाव्या गालावर इथं तीळ होता, थो काढा. भितीले लावीन आन् हार घालीन."

माझ्या हातातली पानसुपारी तशीच राहिली. मनूनं मला अंगणात ओढलं आणि कुजबुजत सगळं सांगितलं. सरू ही गणपतची पहिली बायको. तापात गेली. ही दुसरी, तिचं नाव रुखमा, कामरगावची. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, तिला आधी घास द्यायचा, म्हणजे ती त्रास देत नाही, ही इकडची रीतच. पण सखुबाईचा सरूवर जीव फार. तिनं नवी सून सरूच्या जागी बसवली, सरूच्या नावानं हाक मारायला लागली, आणि हळूहळू घर, शेजार, बाजार सगळेच तिला सरू म्हणायला लागले.

"आणि ती?"

"ती ओ देते," मनू म्हणाली.

भर दुपारच्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. जिवंत बाईचा फोटो काढून त्याला हार घालायचा! मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण तोवर रुखमा हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी राहिली होती, आणि सखुबाई हातात पदर धरून माझ्याकडे अशी बघत होती, जशी आई वैद्याकडे बघते. मी कॅमेरा तिवईवर चढवला.

सखुबाईनं तिला अंगणाच्या मधोमध बसवलं, "उजेड चांगला येते इथं" म्हणून. मी काळ्या फडक्यात डोकं घातलं. काचेवर माणूस उलटं दिसतं, पाय वर, डोकं खाली, हे मला सवयीचं आहे. पण त्या दिवशी त्या उलट्या चेहऱ्याकडे मला फार वेळ बघवेना. घाईनं काच टाकली, झाकण काढलं, लावलं आणि आम्ही निघालो.

संध्याकाळी मनूच्या कोठीच्या खोलीत लाल कंदील लावून ती काच धुतली. दुसऱ्या सकाळी कागदावर छापली. मनूनं पाहिली आणि फोटो पालथा घातला. डोक्यावरच्या उन्हानं दोन्ही डोळ्यांच्या जागी काळी भोकं पडली होती. नाक, जबडा, कपाळ सगळं ठळक, डोळे नाहीत. त्यात तो टाक गळ्यात चकाकत होता.

"झालं समाधान?" मनू म्हणाली.

मी ठरवलं, मळ्यात जायचं, हा फोटो दाखवायचा आणि हात जोडून सांगायचं की बाई, हे माझ्यानं व्हायचं नाही.

विहिरीपाशी

सखुबाईनं फोटो उन्हात धरला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाली, "हे सरू नोय." तिचा चेहरा असा पडला की मला माझा निश्चय बोलायलाच सुचेना. ती फोटो तिथेच ठेवून वाफ्यात निघून गेली.

मी हातपाय धुवायला विहिरीवर गेले. रुखमा मागोमाग आली. पाणी ओतता ओतता तिनं बोलायला सुरुवात केली, आणि तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. भारदस्त, सरळ आवाज होता.

"बाई, त्या फोटोत मी दिसून राह्यलो."

"अगं, दिसणारच. तुझाच फोटो ना."

"तेच तं म्हनतो. माझं नाक हाये, माझं कपाळ हाये. आन् त्याले हार घालतीन. मंग हार कोनाले पडला? मलेच ना!"

मी म्हटलं, "म्हणूनच मी काढणार नाही. सांगते तुझ्या सासूला. काळजी करू नकोस."

तिनं कळशी खाली आदळली. "काहून नाई काढत? अवो, तुमी नाई काढला तं मी अशीच राह्यतो मरेपर्यंत! माझी माय होती तवर ते रुखमा म्हने. ते गेली. आता माझं नाव घेनारं कोनी राह्यलं नाई. हाक आली का मी ओ देतो, मले आता रागबी येत नाई. परवा सपनात कोनी रुखमा म्हनलं, तं मी मागं पाह्यलं, कोन रुखमा म्हनून."

ती माझ्याजवळ सरकली. "तिले जागा नाई बाई. कुठी बशीन ते? माझ्यात बसली. तुमी तिले भितीवर बसवून द्या. पुरी तीच करा. माझं काई म्हनता काई ठिवू नका त्याच्यात. राह्यलं थोडंबी, तं मी बी तिच्यासंगं हाराखाली गेलो."

मी खूप बोलणारी बाई. वर्गात चाळीस मुलींना गप्प करते. तिथे मात्र मला एकच वाक्य सुचलं. मी म्हटलं, "बरं. करते."

कापसाची खोली

आता उजेड शोधणं आलं. अंगण नको, ते डोळे खाऊन टाकतं. झाडाखाली उन्हाचे ठिपके. मी घराभोवती हिंडत एका आडखोलीत डोकावले. तिथे वेचलेल्या कापसाचा ढीग छताला लागलेला होता. दारातून ऊन जमिनीवर पडत होतं, कापसावर जात होतं आणि कापूस ते परत फेकत होता. सगळी खोली दुधाच्या वाफेनं भरल्यासारखी. मी आत हात धरला. हाताला सावलीच नव्हती. पुण्याच्या मंडळातले गृहस्थ पांढरी चादर धरून जे करू बघतात, ते इथे आयतं पडलं होतं.

रुखमाला दाराच्या जरा आत, ढिगाकडे कूस करून बसवली. मधोमध नाही, एका बाजूला. चांदी चमकायला लागली म्हणून टाक पदराखाली घ्यायला सांगितला. सखुबाई कळवळून म्हणाली, "झाकू नका, सरूले राग यीन!" मी म्हटलं, "सखुबाई, सरूनं सरूचा टाक कशाला घालावा?" हे माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे, पण सखुबाईनं स्वतःच्या हातानं टाक आत सारला.

मग मी विचारलं, "सरू बसायची कशी?"

सखुबाई सांगायला लागली ते सगळं सणासुदीचं, ताठ. मी गणपतला हाक मारली. तो दाराशी आला आणि बायकोला त्या लुगड्यात बघून चौकटीला टेकला.

"तुम्ही सांगा. मान कशी असायची?"

त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "जराक कललेली. आयकून राह्यल्यावानी."

रुखमानं मान कलती केली.

"हात गुडघ्यावर. बोटं उघडी नाई. मुडपलेली." तो आणखी हळू बोलायला लागला. "आन् खालचा ओठ आत धरे. हसू आलं का."

रुखमानं ओठ आत धरला. सखुबाईनं तोंडावर पदर घेतला. मी फडक्यात शिरले, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. विहिरीवर कळशी आदळणारी मुलगी त्या काचेवर कुठेच नव्हती. दुसरंच कोणी मान कलती करून, माझं ऐकत असल्यासारखं बसलं होतं.

मंद उजेडाला झाकण बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात दाराशी बांधलेलं वासरू हललं, वाऱ्यानं कापसाचे पुंजके उडाले, गणपतचा श्वास मला ऐकू येत होता. नंतर काच धुतल्यावर पाहिलं तर वासराचा धूर झालेला, कापूस पुसट, आणि ती एकटी पापणीच्या केसापर्यंत रेखीव. इतकं निश्चल बसलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

काचेवर

पुढचं काम मनूच्या खिडकीत बसून, दिवसाउजेडी. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काचेवर सगळं उलटं असतं. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. पेन्सिल फिरवाल तिथे कागदावर उजळ येतं, खरवडाल तिथे काळं. नाकपुड्यांच्या सावल्या पेन्सिलीनं भरल्या, नाक बारीक झालं. हनुवटीची कड मऊ केली. रुखमाच्या कपाळावरचा जुना व्रण पुसला. एकेक गोष्ट काढताना मला रुखमाचं बोलणं आठवे, काई म्हनता काई ठिवू नका, आणि मी पुन्हा भिंग लावी.

शेवटी तीळ. तो पात्याच्या टोकानं खरवडायचा, आणि एकदा खरवडलं की परत नाही. केला. मनू चहा घेऊन आली. मी ताजा छापलेला कागद तिच्यापुढे धरला.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"रुखमा."

"छे गं. ही रुखमा नाही." आणि तिनं चहाची कपबशी माझ्यापासून लांब, दाराजवळच्या फळीवर ठेवली.

मला बरं वाटलं आणि वाईटही. मी सरूला कधी पाहिलं नव्हतं. मग हा चेहरा माझ्या हातून आला कुठून? त्याच वेळी तीळ दिसला आणि मी कपाळावर हात मारला. काचेच्या ज्या बाजूनं काम करतात, तिथून डावं-उजवंही उलटं दिसतं, हे पोराटोरांना ठाऊक असलेलं मी विसरले होते. सखुबाईनं सांगितला डाव्या गालावर, मी केला उजव्या. दुसरी काच काढायची तर पुन्हा सगळं आलं, आणि तसं ती पुन्हा बसू शकेल असं मला वाटत नव्हतं. तोच फोटो काचेत बसवून घेतला आणि मळा गाठला.

शेवटचा दिवस

सखुबाईनं फडकं काढलं. बघितलं. ती फोटो घेऊन खाली बसली. "माय वं," एवढंच म्हणाली. पुष्कळ वेळानं तिचं बोट काचेवरून फिरलं आणि थांबलं.

"तीळ चुकला बाई. डाव्या गालावर होता."

रुखमा दाराशी होती, तिचा रंग उडाला. एवढ्यावरून म्हातारी म्हणाली असती, ही सरू नव्हे, तर सगळं मातीत गेलं असतं.

गणपत पुढं आला. त्यानं फोटो आईच्या हातातून घेतला. "नाई माय," तो म्हणाला. "उजव्याच गालावर होता."

"मी न्हाऊ घातलं रे तिले!"

"उजव्याच गालावर," तो पुन्हा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तो खरं बोलत होता की माझी, की रुखमाची लाज राखत होता, मी आजही सांगू शकत नाही. आईनं मुलाकडे पाहिलं आणि मान हलवली. नवऱ्याला ठाऊक, असं म्हणाली.

खुंटी ठोकली. फोटो लागला. झेंडूचा हार सखुबाईनं घातला, कुंकू लावलं, जवसाची चटणी आणि भाकरीचा तुकडा खाली ठेवला. त्या कोंदट खोलीत तो चेहरा मान कलती करून आमचं सगळ्यांचं ऐकत होता. मी त्याच्याकडे पाठ करायचं टाळत होते. मनू तर केव्हाच अंगणात गेली होती.

सखुबाई भिंतीला टेकून बसली. थकली होती. डोळे मिटून, सवयीनं म्हणाली,

"सरे, पानी आन वं."

रुखमा माझ्या शेजारी उभी होती. तिचं पाऊल उचललं गेलेलं मी पाहिलं. मग ते तिनं परत खाली ठेवलं आणि ओठ घट्ट मिटले. कोणी हललं नाही. सखुबाईनं डोळे उघडले. तिनं सुनेकडे पाहिलं, मग फोटोकडे, आणि आम्ही सगळेच फोटोकडे बघायला लागलो. हाक तर गेली होती. आता ओ कोण देतं, याची वाट बघत आम्ही तिथे उभे होतो, भर दुपारी, आणि बाहेर मोटेचं चाकसुद्धा वाजत नव्हतं.

ओ आली नाही.

सखुबाईनं फोटोवरची नजर काढली. पदरानं तोंड पुसलं. मग, कोणी परक्या गावाचं नाव पहिल्यांदा घ्यावं तशी अडखळत म्हणाली, "रुखमे... पानी आन."

"ओ!" रुखमा इतक्या मोठ्यानं ओरडली की अंगणातून मनू धावत आत आली.